बदकांचा कौल

“आधी फुंकर मार,” नलूआत्या म्हणाली. “तशीच खुपसू नकोस. आत धूळ बसली असेल.”

मी टीव्ही गेमची कॅसेट तोंडाशी धरून फुंकर मारली. सगळी धूळ उलटी माझ्याच नाकात गेली आणि मला लागोपाठ शिंका आल्या.

“फुंकर मारताना डोळे मिटायचे, हेसुद्धा विसरलीस,” ती म्हणाली. तिच्या आवाजात जरा धार होती. ऑगस्टपासून ती धार आम्ही कुणी ऐकली नव्हती, म्हणून मी मुद्दाम आणखी एकदा चुकीची फुंकर मारली.

दहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली, पाडव्याची ही दुपार. बिबवेवाडीतला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. जेवणं झालेली. आई ओटा आवरत होती आणि बाबा खुर्चीत दिवाळी अंक तोंडापुढे धरून बसले होते. पान काही उलटत नव्हतं.

नलूआत्या बाबांची थोरली बहीण. फलटणच्या कन्याशाळेत जन्मभर गणित शिकवलं, लग्न केलं नाही, दोन खोल्या आणि पुढचं अंगण एवढं स्वतःच्या कमाईने बांधलं आणि तिथे कुणाचं काही न ऐकता राहिली. ऑगस्टमध्ये तिला अर्धांगाचा झटका आला. सौम्यच होता. बोलणं शाबूत राहिलं, पायही महिन्याभरात ताळ्यावर आला. राहिला तो उजवा हात. बाबा तिला पुण्याला घेऊन आले आणि तेव्हापासून ती आमच्या सोफ्याचा एक कोपरा धरून बसली होती. डॉक्टर सांगून दमले की हात येतोय, तो वापरा, कामाला बाई ठेवून तुम्ही खुशाल तुमच्या घरी राहू शकता. व्यायामाला दिलेला मऊ चेंडू एकदा सोफ्याखाली गेला तो गेलाच. आत्याने तो काढायला कुणाला सांगितलं नाही.

हाताचं सोडा, मला खुपत होतं ते दुसरंच. ती भांडत नव्हती. एरवी नलूआत्या आमच्याकडे आली की पहिल्या तासात वाजायचंच. चहात साखर फार, पंख्यावर धूळ, माझे मोकळे केस, बाबांचं सुटलेलं पोट. आता आई विचारायची, “वन्सं, भात मऊ करू का?” आणि ती म्हणायची, “कर तुला हवा तसा.” आई स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसायची. तीस वर्षं जिच्या टोमण्यांना कंटाळली, तिच्याच टोमण्यांसाठी बाई रडत होती.

त्यात दसऱ्याला बाबांनी एक नवीनच काढलं. फलटणचं घर बंद पडून खराब होतंय, बँकेत बदलून आलेला एक साहेब भाड्याने मागतोय, माणूस सज्जन आहे, दिवाळी झाली की सोमवारी किल्ली न्यायला येईन म्हणतोय. “तू सांग अक्का, काय करायचं?” आत्याने खिडकीबाहेर बघितलं. “भाऊबीजेला सांगते,” म्हणाली. मला बाबांचा असा संताप आला की विचारू नका. किल्ली एकदा गेली की ही बाई परत फलटणला कशाला जातेय? आमच्या सोफ्यावरच ती हळूहळू विझून जाणार, हे मला दिसत होतं आणि तिच्या सख्ख्या भावाला दिसत नव्हतं.

तर तो टीव्ही गेम. तिचे गरम कपडे आणायला मी फलटणला गेले तेव्हा कपाटावर सापडला. मी नऊ-दहा वर्षांची असताना आत्यानेच घेतलेला. पुण्यात आई घेऊ देईना, अभ्यास बुडेल म्हणून. मग आत्याने तो तिच्या घरी आणून ठेवला आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी फलटणला जायला एका पायावर तयार असायचे. राखाडी डबा, दोन रिमोट, एक केशरी बंदूक आणि एकाच कॅसेटमध्ये म्हणे हजारो गेम, त्यातले खरे सात-आठ, बाकी तेच पुन्हा पुन्हा. बंदुकीने बदकं पाडायचा गेम आत्याचा. पेपर तपासून झाले की चष्मा कपाळावर चढवायची, हात सरळ करायची आणि खट् खट् खट्. एक बदक सुटायचं नाही. गल्लीतली पोरं खिडकीच्या गजांना लटकून बघायची. गणिताच्या बाईंचा नेम बघून वर्गात कुणी मान वळवून बोलायचं नाही, असं लोक सांगायचे.

मला वाटलं, हे खेळणं बघून तिला जरा बरं वाटेल. बस, एवढाच विचार होता.

आमचा टीव्ही नवा कोरा होता, सपाट आणि भिंतीएवढा. आत्याला सोफ्यावरून नीट दिसावं म्हणून बाबांनी दसऱ्याला जुना खोक्याचा टीव्ही बदल्यात देऊन तो आणला होता. मी मागे पिवळी पिन खुपसली, बटण दाबलं, आणि खरं सांगते, माझा चेहरा पडला. हेच का ते? आकाश म्हणजे एक निळा पट्टा. झाडं म्हणजे हिरव्या फरश्यांचे तुकडे. बदक तर आठ-दहा चौकोन एकमेकांना चिकटवल्यासारखं. लहानपणी मला ते घनदाट जंगल वाटायचं. त्या झाडांच्या मागे काय असेल, असं मी आत्याला एकदा विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, “मागे सातारा रोड.” आता मागे काहीच नव्हतं. संगीत म्हणजे नुसती पिपाणी. मी ज्याच्यासाठी सुट्टीची वाट बघत दिवस काढले, ते एवढंसंच होतं.

आत्या मात्र एकटक बघत होती. मग तिने डाव्या हाताने बंदूक उचलली आणि उजव्या हातात दिली.

“दत्ता,” ती बाबांना म्हणाली, “अंक खाली ठेव. ऐक. यातलं एक तरी बदक पडलं, तर सोमवारी मी माझ्या घरी जाते. नाही पडलं, तर किल्ली त्या साहेबाला.”

“अक्का, कौल लावतेस की काय?”

“लावला.”

बाबांनी अंक मुकाट्याने खाली ठेवला. कारण या बाईचे कौल आम्हाला ठाऊक होते. गावाकडे लोक देवीला फुलं चिकटवून कौल मागतात, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. गणित शिकवणारी आमची आत्या देवीच्या वाटेला गेली नाही, पण कौल लावायची खोड तिला होतीच, कशावरही. साताऱ्याचं स्थळ सांगून आलं तेव्हा स्टँडवर उभी राहिली. पहिली एसटी साताऱ्याची लागली तर हो, दुसरी कुठली लागली तर नाही. बारामतीची लागली. नंतर त्या स्थळाने दोनदा निरोप पाठवला, आजोबांनी आकांडतांडव केलं, पण ही ढिम्म. कौल मिळाला की विषय संपला आणि एकच कौल दोनदा लावायचा नाही, असा तिचा कायदा होता.

तिने हात उचलला. डाव्याचा आधार घेतला नाही. हात थरथरत वर आला, खांद्याच्या जरा खाली थांबला, नळी पडद्यासमोर आली. बदक उडालं. खट्. पडदा पांढरा लखलखला आणि बदक आपलं उडत वर निघून गेलं.

दुसरं गेलं. तिसरंही. मला दिसत होतं की नळी बदकावर येते आहे, निदान जवळपास तरी येते आहे. आई ओले हात पदराला न पुसताच दारात उभी होती. आत्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता. सगळी बदकं उडून गेली, पिपाणी वाजली आणि खेळ संपला.

“बंद कर,” आत्या मला म्हणाली.

“एकदा अजून खेळ ना. सवय गेलीय तुझी.”

“कौल दोनदा लावत नाहीत.” तिने बंदूक सोफ्यावर ठेवली. “दत्ता, दे त्याला किल्ली.”

बाबा “बरं” म्हणाले आणि उठून बाल्कनीत गेले. मला वाटलं, सुटले एकदाचे. त्या क्षणी मला तो माणूस आवडेनासा झाला होता.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळीच आई कानाशी येऊन कुजबुजली, “ते खोकं वन्संच्या डोळ्यांपुढून हलव आधी.” आत्या आतल्या खोलीत होती. मी वायर काढायला बसले, पण माझं डोकं भणभणत होतं. त्या बदकांवर सूड घ्यायचा म्हणून मी गेम सुरू केला आणि बंदूक उचलली. माझे दोन्ही हात धडधाकट. खट्. बदक गेलं. मी दोन पावलं पुढे सरकले. खट्. गेलं. मग मी सरळ टीव्हीपाशी गेले, नळी काचेला टेकवली, बदकाच्या पोटात, आणि चाप ओढला.

बदक मजेत उडून गेलं.

मी तशीच खाली बसले. मोबाइल काढला, शोधलं. पहिल्याच ओळीत उत्तर होतं. ही जुनी बंदूक फक्त जुन्या खोक्याच्या टीव्हीवर चालते. त्याच्या काचेतून जसा उजेड येतो, तो तिला ओळखता येतो. सपाट टीव्हीचा उजेड तिला कळतच नाही. या टीव्हीवर जन्मभर चाप ओढला असता तरी एक बदक पडलं नसतं. म्हणजे हात फितूर नव्हता, टीव्ही फितूर होता. मला इतकं हलकं वाटलं की मी एकटीच हसायला लागले. मग आठवलं, कौल दोनदा लावत नाहीत. माझं हसू जागच्या जागी विरलं.

आत्या पलंगावर बसून डाव्या हाताने वेणी घालायचा प्रयत्न करत होती. मी तिच्यासमोर खाली बसले.

“आत्या, तू बोर्डाचे पेपर तपासायला जायचीस ना?”

“जायचे. का?”

“प्रश्नच चुकीचा छापलेला असला तर काय करायचं?”

“चुकीचा म्हणजे?”

“म्हणजे ज्याचं उत्तर कुणाला येणंच शक्य नाही, असा.”

“तो प्रश्न रद्द,” ती म्हणाली. “मुलांनी त्यात काहीही लिहिलेलं असो. पोरांचा काय दोष?”

“मग तुझा कालचा कौल रद्द,” मी म्हणाले आणि तिला सगळं सांगितलं. नळी काचेला टेकवली होती, हे दोनदा सांगितलं.

तिने वेणी सोडून दिली. माझ्या डोळ्यांत बघत होती, पोरगी थाप मारतेय का ते तपासत होती. शाळेत म्हणे ती असंच बघायची.

“मला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीयेस ना?”

“आत्या, मी तुझी भाची आहे. मला एवढं कुठलं सुचायला?”

“तेही खरंच,” ती म्हणाली. “पण जुना टीव्ही तर दत्ताने देऊन टाकला.”

“टेंबे आजोबांकडे तसाच एक आहे.”

टेंबे आजोबा तळमजल्यावर एकटे राहायचे. त्यांच्या मुलाने दोनदा नवा टीव्ही पाठवला आणि आजोबांनी दोन्ही वेळा तो परत पाठवला. चालू आहे तोवर वस्तू टाकायची नाही, नाही तर उद्या मलाही टाकाल, असं त्यांचं म्हणणं. मी डबा घेऊन आणि आत्याचा हात धरून लिफ्टने खाली गेले तेव्हा ते बनियनवर बसून जुनी क्रिकेटची मॅच बघत होते.

“आजोबा, जरा तुमचा टीव्ही हवाय. थोडाच वेळ.”

“आता? शेवटची षटकं चालली आहेत.”

“ही मॅच पंचवीस वर्षांपूर्वीची आहे, आजोबा. आपण हरलो.”

“ते मलाही ठाऊक आहे, पण कसे हरलो ते बघतोय ना मी,” असं म्हणत त्यांनी मनाविरुद्ध रिमोट बाजूला ठेवला. मग बंदूक दिसली. “ही टिकल्यांची आहे का?”

“बदकांची,” आत्या म्हणाली. “बसा तुम्ही. बघा.”

मी पिन जोडली, कॅसेटमध्ये फुंकर मारली, बटण दाबलं. त्या लहानशा फुगीर काचेवर चित्र आलं आणि मी बघतच राहिले. कडा मऊ झाल्या होत्या. चौकोन एकमेकांत मिसळले होते. फरश्यांची पुन्हा झाडं झाली होती आणि बदकाला पंख आले होते. गेम तोच होता, फक्त आता तो त्याच्या घरी आला होता.

“आधी तू मार,” आत्या म्हणाली. “बंदूक धड आहे का बघू.”

मी चाप ओढला. दुसऱ्याच गोळीला बदक गिरकी घेत खाली पडलं. टेंबे आजोबांनी टाळी वाजवली. आत्या हसली नाही, आणि मलाही त्याचं कारण कळलं. बंदूक धड होती, टीव्ही धड होता. आता नेम चुकला तर तो तिच्या हाताचाच. प्रश्न या वेळी बरोबर छापलेला होता आणि हा कौल खरोखरच शेवटचा होता.

“नको लावायचा तर नको लावू,” मी म्हणाले.

“दे इकडे.”

तिने चष्मा कपाळावर चढवला. हात कालच्यासारखाच थरथरत वर आला. पहिलं बदक गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला तिने चाप ओढलाच नाही, नुसती नळी त्याच्या मागे फिरवत राहिली. चौथं, पाचवं गेलं. इतक्यात दारात बाबा येऊन उभे राहिले. ओवाळायला वर बोलवायला आईने त्यांना पाठवलं होतं. नवा झब्बा घातलेला. त्यांनी टीव्ही बघितला, बहिणीचा हात बघितला आणि चौकट धरून तिथेच थांबले. मी त्यांना हाताने गप्प राहायची खूण केली. तशी गरज नव्हती.

पुढचं बदक डाव्या कोपऱ्यातून तिरकं निघालं. आत्याने श्वास रोखला. हात थरथरत होता, पण बदकाबरोबर जात होता. खट्.

बदक हवेत थबकलं आणि सरळ खाली कोसळलं.

मला रडू फुटलं आणि मी ते आवरलंही नाही. तीन महिने छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून नेला असं वाटलं. आत्याने बंदूक हळूच मांडीवर ठेवली. मग तिने मान वळवली आणि तिला दारातले बाबा दिसले.

“तू,” ती म्हणाली. “आत ये.”

बाबा आत आले.

“माझं घर भाड्याने द्यायचं तुला सुचलंच कसं? मी काय मेले होते? मला झटका आला होता, तुझ्या डोक्याला काय झालं होतं? माझ्या अंगणात तो बँकवाला गाडी लावणार, माझ्या ओट्यावर त्याची बायको मासे तळणार, आणि तू पुण्यात बसून भाडं मोजणार?”

“अक्का, ऐक—”

“ऐकतेय तीन महिने. आता तू ऐक. कढीपत्त्याला पाणी कोण घालतंय? कुणी नाही. मला ठाऊक आहे, वाळला असणार. आणि हे पोट बघ किती सुटलंय, त्या झब्ब्याची बटणं लागतायत कशी ते देवाला ठाऊक.” टेंबे आजोबा तोंडावर हात धरून बसले होते. “लाव त्या साहेबाला फोन. आत्ता लाव. माझ्यासमोर सांग, घर मिळणार नाही म्हणून.”

बाबांनी मोबाइल काढला. त्याच्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवला.

“कुणाला लावू, अक्का?” ते म्हणाले. “कुणी नाहीच.”

“म्हणजे?”

“साहेब वगैरे कुणी नाही. मीच काढला तो मनाने. मला वाटलं, घराला हात लावतो म्हटलं की तू उसळशील. माझा उद्धार करशील आणि चिडून तरी उठशील. तर तू म्हणालीस, भाऊबीजेला सांगते. आणि काल म्हणालीस, दे किल्ली.” त्यांनी झब्ब्याच्या बाहीने कपाळ पुसलं. “काल डोळा नाही लागला माझा. सोमवारी मी कुणाला आणून उभा करणार होतो?”

मी बाबांकडे बघत राहिले. गेले पंधरा-वीस दिवस ज्या माणसावर मी मनातल्या मनात दात खात होते, तो माझ्यासमोर नव्या झब्ब्यात उभा होता आणि खिशातला मोबाइल उगाच चाचपत होता.

आत्या उठली. खुर्चीचा हात डाव्या हाताने धरून उठली, पण मी पुढे झाले तेव्हा तिने मला मागे सारलं. बाबांच्या मागे गेली. तिचा उजवा हात सावकाश वर गेला, खांद्यापर्यंत, जरा आणखी वर, आणि बाबांच्या पाठीत धपकन धपाटा बसला.

“माझ्याशी खोटं बोलतोस?” ती म्हणाली. मग स्वतःच्याच हाताकडे बघत तिने जरा घाबरून विचारलं, “लागलं का रे?”

बाबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

“लागलं,” ते म्हणाले. “चांगलं जोरात लागलं, अक्का.”